बरं वाटणारी गोळी

बहारीनमध्ये, मनामातल्या एका खाजगी इस्पितळात मी हृदयविभागाची टायपिस्ट होते. डॉक्टर छोट्या कॅसेटवर बोलायचे आणि मी कानाला हेडफोन लावून त्यांची पत्रं तयार करायचे. कोणाला दम लागतो, किती पायऱ्यांवर लागतो, झोपताना किती उशा लागतात, पायांची सूज कुठपर्यंत चढली आहे. चार वर्षं हेच. वसईहून आले तेव्हा मला टायपिंग आणि शॉर्टहँड येत होतं, हृदयाचं काही मला कोणी शिकवलं नव्हतं. पण तेच तेच शब्द रोज बोटांखालून गेले की ते अंगात मुरतात.

म्हणून मुलीच्या जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यात मला आडवं पडवेना झालं तेव्हा काय होतंय ते सगळ्यांत आधी मला कळलं. इतरांना पटायला वेळ लागला.

आम्ही तुबलीला राहायचो, एका गॅरेजच्या वर, दोन खोल्यांत. नवरा जुफैरच्या हॉटेलात लाँड्रीचा सुपरवायझर. बाळंतपणासाठी आई व्हिजिट व्हिसावर आली होती. ती म्हणायची, "बाळंतिणीचं अंग असंच असतं. दोन महिने जाऊ देत." आणि भातासोबत सुक्या बोंबलाची चटणी वाढायची, तोंडाला चव यावी म्हणून. नवरा म्हणायचा, झोप होत नाही, दुसरं काही नाही. मी खुर्चीत बसून झोपायचे, मुलगी मांडीवर.

खालच्या गॅरेजवाल्याची बायको श्रीवर्धनकडची. मी तिला भाभी म्हणायचे. ती एकदा मुलीला बघायला वर आली, माझ्याकडे बघत राहिली, मग खाली बसून माझ्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच.

"ही बाळंतपणाची कमजोरी नाय गो," ती म्हणाली. "उद्या जा."

मी दुसऱ्या दिवशी गेले. आमचे डॉक्टर बहारीनचेच, इटलीत शिकून आलेले. ओपीडी संपत आली होती. मी दारातच उभी राहिले, बसले तर पुन्हा उठायला जमेल की नाही याची खात्री नव्हती. आणि ते कॅसेटवर बोलत तसंच मी इंग्रजीत बोलले: अठ्ठावीस वर्षांची स्त्री, बाळंतपणाला तीन आठवडे, दहा पायऱ्यांवर दम, आडवं झोपता येत नाही, दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत सूज.

ते काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "कोणाची केस आहे? फाइल कुठे?"

"फाइल काढावी लागेल," मी म्हणाले. "केस माझी आहे."

त्यांनी पेन ठेवलं. मग व्हीलचेअर आली.

बाळंतपणानंतर काही बायकांचं हृदय असं सैल पडतं, का ते कोणाला नीट सांगता येत नाही. माझं पडलं होतं. आकारानं मोठं झालं होतं आणि आकुंचन पावायचं ते नावापुरतं. अतिदक्षता विभागात डोपामिनची सलाइन लावली. तिनं हृदयाला जोर यायचा, मूत्रपिंडं जागी व्हायची, अंगातलं पाणी उतरायचं. सलाइनचा वेग कमी केला की मी पुन्हा बुडायला लागायचे. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा वेग कमी करण्याआधी डॉक्टर माझ्या खाटेशी येऊन बसले.

"सलाइनवर घरी पाठवता येत नाही," ते म्हणाले. "पण तिकडे युरोपात याचीच एक गोळी निघाली आहे. पोटातून घ्यायची. पोटात गेल्यावर ती डोपामिनसारखंच काम करते. मी काही पेशंटसाठी मागवली आहे."

गोळीचं नाव आयबोपामिन. दिवसातून तीनदा, जेवणाआधी. सोबत पाण्याची गोळी, आणखी दोन औषधं, मीठ बंद, पाणी मोजून. मी घेतली. पंधरा दिवसांत आडवी झोपले. दोन महिन्यांनी मुलीला कडेवर घेऊन जिना चढले. मधे एकदा थांबून, पण चढले. आई वर दारात उभी होती, ती रडली. मला मात्र राग आला होता. कशाचा ते मला नीट कळत नव्हतं. अठ्ठाविसाव्या वर्षी जिना चढल्याबद्दल कोणी रडावं, याचाच असेल.

मग सगळे सल्ले घेऊन आले. सासूबाईंचा वसईहून फोन: मुलीला इकडे पाठव, आम्ही वाढवू, तूही ये. गल्फमध्ये असं बरेच जण करत, त्यात गैर काही नव्हतं. मी नाही म्हटलं. इस्पितळाच्या कर्मचारी विभागातला अधिकारी आपल्याकडचाच होता, आवाज मऊ. तो म्हणाला, "तुमच्या भल्यासाठी सांगतो. मेडिकली अनफिट लागलं तर व्हिसा पुढे जात नाही. स्वतःहून राजीनामा दिला तर रेकॉर्ड स्वच्छ राहील."

मी विचारलं, "माझं कुठलं पत्र उशिरा गेलंय?"

"प्रश्न तो नाही."

"मग प्रश्न काय आहे ते मला लिहून द्या. मी टाइप करून देते, तुम्ही फक्त सही करा."

त्यानं लिहून दिलं नाही. मी दुसऱ्या दिवशी सात वाजता माझ्या टेबलाशी होते.

दोन वर्षं गेली. ती चांगली गेली, हे मी आजही सांगते. मुलगी चालायला लागली, बोलायला लागली, नर्सरीत जाऊन माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्साला जायचो, तिथून समुद्रावर. मी तिच्यामागे धावू शकत नव्हते, पण चालू शकत होते. प्रत्येक जेवणाआधी ती गोळी हातात घेतली की मला तिच्याबद्दल एक प्रकारचं प्रेम वाटायचं. औषधाबद्दल असं वाटू नये. पण वाटायचं.

मग युरोपातून फॅक्स आला.

डॉक्टरांनी मला कॅसेट दिली नाही. आत बोलावून तोंडी डिक्टेशन दिलं, उभ्यानं, खिडकीबाहेर बघत. तीन ओळींचं पत्र होतं. नवी माहिती उपलब्ध झाल्यामुळे आपण घेत असलेली आयबोपामिन ही गोळी बंद करावी, आणि पुढील तपासणीसाठी विभागाशी संपर्क साधावा. सोबत बारा नावांची यादी. बारावं नाव माझं.

मी अकरा पत्रं टाइप करून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी सह्या केल्या, मोजली.

"बारावं?"

"ते मी टाइप करणार नाही," मी म्हणाले. "मला जे सांगायचं ते तोंडानं सांगा."

ते बसले. मग त्यांनी सांगितलं. तिकडे मोठी चाचणी चालू होती. माझ्यासारख्या खूप कमजोर हृदयाच्या लोकांचे दोन गट केले होते. एका गटाला ही गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण आत काही नसलेली. बाकीची औषधं दोघांनाही सारखीच. ही गोळी घेणाऱ्यांत जास्त माणसं मेली. म्हणून चाचणी मधेच थांबवली.

"पण मला बरं वाटतंय," मी म्हणाले.

"वाटतंय हे खरं आहे. त्यातले कितीतरी लोक हेच म्हणत असतील. थकलेल्या हृदयाला ही गोळी हाकत राहते. हाकल्यावर ते पळतं. पण ते मुळात थकलेलं आहे."

"मी मेले का?"

"नाही."

"मग?"

"ज्या दिवशी मरशील त्या दिवशी मला तुला हे विचारता येणार नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी तुझ्यासाठी ती पुन्हा मागवणार नाही."

मी बाहेर येऊन पाकिटं चिकटवली. घरी माझ्याकडे अडीच महिन्यांच्या गोळ्या होत्या. त्या संध्याकाळी जेवणाआधी मी एक घेतली. दुसऱ्या दिवशी तीन घेतल्या. नवऱ्याला फॅक्सबद्दल काही बोलले नाही. तो म्हणाला असता, डॉक्टर सांगतात तसं कर. आणि डॉक्टर दोन वर्षांपूर्वीही सांगतच होते.

आठवड्याभरानं एक म्हातारा माझ्या टेबलाशी आला. हिद्द गावचा, आयुष्यभर बोटीवर काढलेला, तरुणपणी मालाच्या बोटीनं मुंबईला जाऊन आलेला, म्हणून हिंदी चांगली बोलायचा. सोबत त्याचा मोठा मुलगा, तोही पन्नाशीकडे झुकलेला. मी म्हाताऱ्याला ओळखत होते. त्याची पत्रं मीच टाइप करायचे, आणि आम्ही दोघं एकाच गोळीवर आहोत हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. त्यानं घडी घातलेलं पत्र टेबलावर ठेवलं.

"बेटी, ये तूने लिखा?"

"टाइप केलं," मी हिंदीत म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं."

"वाचून दाखव. मुलानं वाचलं, पण मला तुझ्याकडून ऐकायचंय."

मी तीन ओळी हिंदीत सांगितल्या. त्यानं ऐकून घेतल्या.

"बंद करा, एवढं लिहिलंय. बंद केल्यावर काय, ते कुठे आहे?"

"ते यात नाही."

"या गोळीवर मी पुन्हा बोटीवर गेलो," तो म्हणाला. "लांब नाही. पण गेलो. आता एक कागद येतो आणि म्हणतो, खलास." मग तो थोडा पुढे वाकला. "तुझ्या बापाला हा कागद आला असता तर तू त्याला काय सांगितलं असतंस?"

ऑफिसमधलं ठरलेलं उत्तर होतं: डॉक्टरांना भेटा, अपॉइंटमेंट देते. ते माझ्या तोंडाशी आलं होतं. मी पर्स उघडली, गोळ्यांची पट्टी काढली आणि त्याच्या पत्रावर ठेवली. आदल्या दिवसाच्या तीन गोळ्या आणि त्या सकाळची एक संपलेली होती.

"मीही हीच घेते," मी म्हणाले. "मलाही बंद करायला सांगितलंय. मी केलेली नाही."

त्याचा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. म्हाताऱ्यानं पट्टी उचलली, डोळ्यांजवळ नेली, खाली ठेवली.

"मग आत चल," तो म्हणाला. "यल्ला."

ओपीडीचा शेवटचा पेशंट बाहेर पडला तसे आम्ही तिघं आत गेलो. त्या खोलीत पेशंटच्या खुर्चीवर मी पहिल्यांदाच न विचारता बसले. पट्टी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती बघितली आणि त्यांना सगळं कळलं.

"तू घेत होतीस."

"हो."

"मी सांगितल्यावरही."

"तुम्ही मला सांगितलं, कारण मी हट्ट केला. यांना सांगितलं नाही. बाकीच्या दहांना सांगितलं नाही. तीन ओळी पाठवल्या. गोळी सुरू करताना तुम्ही माझ्या खाटेशी येऊन बसला होता. बंद करताना पोस्टानं पत्र. हे चालणार नाही."

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. नोकरी गेली तर गेली, असं त्या क्षणी खरोखर वाटलं. म्हातारा अरबीत काहीतरी बोलला, बराच वेळ, शांतपणे. मला फक्त समुद्र हा शब्द कळला. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"ही गोळी मीच या बेटावर आणली," ते माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले. "फॅक्स वाचल्यापासून मला तुम्हा बाराजणांचे चेहरे दिसतायत. समोर बसून कसं सांगायचं ते मला कळेना. म्हणून पत्र लिहिलं."

"आम्हालाही ऐकायला कठीणच जाणार आहे," मी म्हणाले. "पण ऐकू द्या."

मग ते बोलले, अरबीत त्याच्याशी आणि इंग्रजीत माझ्याशी, आलटून पालटून. गोळी काढली की काय होईल: पाणी साठेल, दम वाढेल, काही आठवडे फार वाईट जातील. त्याला उपाय काय: एकदम न काढता हळूहळू काढायची, इस्पितळात ठेवून, तोवर दुसऱ्या औषधांचा डोस वाढवत न्यायचा. त्यांनी खात्री दिली नाही. मी विचारलं, "आणि चालूच ठेवली तर?" ते म्हणाले, "कदाचित तू खूप दिवस बरी राहशील. कदाचित एक दिवस भाजी चिरताना पडशील. मला सांगता येत नाही, आणि जे मला सांगता येत नाही त्यासाठी मी औषध देणार नाही."

मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. भाजी चिरताना, म्हणजे ती घरात असताना. मी पट्टी त्यांच्याकडे सरकवली. म्हाताऱ्यानं मला विचारलं, "सोडतेस?" मी म्हटलं, "सोडते. पण मला कोणी हाकलं म्हणून नाही." त्याला ते आवडलं असावं. तो म्हणाला, "मीही बघतो. इंशाल्ला."

त्याच दुपारी मी नवं पत्र टाइप केलं. त्यात एक वाक्य माझं होतं: येताना घरातल्या एका माणसाला घेऊन या, डॉक्टर समोर बसून सगळं सांगतील आणि तुमच्या प्रश्नांना उत्तरं देतील. डॉक्टरांनी ते वाचलं, सही केली. आणि पुढचे दोन आठवडे ते एकेकाला समोर बसवून बोलले. त्यांचा चहा गार व्हायचा. मला दया आली नाही असं नाही, पण मी एकही अपॉइंटमेंट कमी केली नाही.

मी वॉर्डात दहा दिवस होते. गोळी तीनवरून दोन, दोनवरून एक, मग बंद. बंद केल्यावर चौथ्या दिवशी पायांवर पुन्हा खड्डे पडायला लागले. घरी गेल्यावर झोपायला तीन उशा लागत होत्या. तेव्हा नवऱ्याला सगळं कळलं होतं. तो चिडला नाही, फक्त म्हणाला, "मला सांगायला हवं होतंस." ते खरं होतं. त्यानं लाँड्रीतली शिफ्ट बदलून घेतली आणि बिनमिठाचा स्वयंपाक शिकला. लिंबू, लसूण, मिरी. पहिले काही दिवस ते जेवण आम्ही तिघंही मुकाट्यानं गिळायचो.

तीन महिने मला मुलीला उचलता आलं नाही. ती हात वर करून उभी राहायची, "अप, मम्मी," म्हणायची. मी तिला खुर्चीवर चढायला शिकवलं आणि मग मांडीवर यायला शिकवलं. शिकली.

कर्मचारी विभागातला मऊ आवाज पुन्हा आला, या वेळी फोनवर. मी म्हटलं, कॅसेट घरी पाठवा. त्याला वाटलं मी थट्टा करते. मी डॉक्टरांना विचारलं, ते हो म्हणाले. भाभीच्या नवऱ्यानं इस्पितळातला जुना इलेक्ट्रिक टाइपरायटर आपल्या पिकअपमधून आणला आणि खांद्यावरून वर चढवला. इस्पितळाचा ड्रायव्हर सकाळी कॅसेट टाकायचा, संध्याकाळी पत्रं न्यायचा. खाली पत्रा ठोकत असायचे, वर मी टाइप करायचे. त्या तीन महिन्यांत माझं एकही पत्र उशिरा गेलं नाही, आणि व्हिसाचं नूतनीकरण आलं तेव्हा हे मी त्याला लेखी कळवलं.

हिद्दचा म्हातारा पुढच्या हिवाळ्यात गेला. दुपारी, घरी, बसल्या जागी. त्याचा मुलगा फाइल बंद करायला आला होता. तो माझ्या टेबलाशी थांबला आणि म्हणाला, "गोळी चालू असती तर ते शेवटचं वर्षभर समुद्रावर गेले असते." त्याच्या बोलण्यात राग होता, आणि तो माझ्यावर होता. गोळी चालू असती तर तो कदाचित आधीच गेला असता, किंवा नसताही. मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, बारा माणसांवरून काहीच सिद्ध होत नाही. ते बरोबरच होतं. पण मला त्या बारातल्या एकाशी बोलायचं होतं, आणि तो नव्हता.

मी हळूहळू वर आले. आधीइतकी नाही. दुसऱ्या औषधांवर रोजचं जगणं जमत होतं, ऑफिसला जाऊ लागले होते, पण ते दोन वर्षांचं हलकेपण परत आलं नाही. मला त्या गोळीची आठवण यायची. हे मी कोणाला सांगत नसे.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा डॉक्टरांनी मला पुन्हा आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. आणखी एक औषध होतं. नाव ऐकून मला हसू आलं. हृदयाचा वेग कमी करणाऱ्या जातीतलं औषध. हृदय कमजोर असेल तर या जातीतली गोळी देऊ नये, हे मीच शेकडो पत्रांत टाइप केलं होतं.

"तेव्हा आम्हाला तसंच वाटत होतं," ते म्हणाले. "आता उलटं दिसतंय. पण नीट ऐक. याच्यानं आधी बरं वाटणार नाही. वाईट वाटेल. कित्येक आठवडे."

"आणि मग?"

"मग बहुधा हृदयाला विश्रांती मिळेल. बहुधा."

मी तासभर प्रश्न विचारले. किती जणांना दिलं, कोणाचं बिघडलं, बिघडलं तर कोणाला फोन करायचा, रात्री कोण उचलेल. त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली, एकदा पुस्तक उघडून दाखवलं. मग मी हो म्हटलं.

पाव गोळीपासून सुरुवात. पहिले सहा आठवडे मी ओल्या वाळूतून चालावं तशी चालत होते. नवरा म्हणाला, "टाकून दे. उगाच कशाला?" माझं अंगही तेच सांगत होतं, दिवसभर, अगदी स्पष्ट. पण ज्या अंगानं मला दोन वर्षं खोटी हमी दिली होती त्याचं मी आता ऐकणार नव्हते. मी पाव गोळी घेतली, मग अर्धी, मग पूर्ण. चौथ्या महिन्यात सकाळी उठल्यावर काहीतरी वेगळं वाटलं, काय ते लवकर कळलं नाही. उशी एकच होती.

त्या वर्षीच्या सुट्टीत आम्ही वसईला गेलो. नवऱ्याच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. मांडवात बँड वाजत होता, बायका फेर धरून नाचत होत्या. सासूबाईंनी माझ्यासाठी पुढेच, सगळ्यांना दिसेल अशी गादीची खुर्ची ठेवली होती. त्यांच्या मनात काळजीच होती. नातेवाईक येत, माझा हात हातात घेत आणि मी मागच्या वेळेपेक्षा बरी दिसते असं हळू आवाजात सांगत.

"बस गं," सासूबाई म्हणाल्या. "तुझं मन आम्हाला माहीत आहे."

मी त्या खुर्चीवर माझी पर्स ठेवली आणि मुलीचा हात धरून फेरात शिरले. दोन गाणी नाचले. तिसऱ्याला दम लागला, तेव्हा बाजूला येऊन उभी राहिले, घाम पुसला. मुलगी म्हणाली, "टायर्ड?" मी म्हटलं, हो. मग ती पुन्हा नाचायला गेली आणि मी तिथेच उभी राहून बघत राहिले.